ओकायामाच्या काळ्या किल्ल्यापासून हाचिजो बेटापर्यंत: उकिता हिदेइएच्या मागावर

सिंहगड रोडचं पु. ल. देशपांडे उद्यान पुणेकरांना माहीत असतंच. त्याचं दुसरं नाव पुणे-ओकायामा मैत्री उद्यान, आणि ते ओकायामातल्या कोराकुएन या बागेवरून बेतलेलं आहे. मूळ बागेला लागून नदी वाहते आणि नदीपलीकडे एक काळाकुट्ट किल्ला उभा आहे. तो बांधणारा सरदार उकिता हिदेइए. जपानी शिकताना त्याची गोष्ट अर्धवट कळली होती: पाच लाख चौऱ्याहत्तर हजार कोकूंचा धनी, एक लढाई हरला, आणि पुढची जवळजवळ पन्नास वर्षं हाचिजो नावाच्या एका बेटावर कैदी म्हणून जगला. एक कोकू म्हणजे ढोबळमानाने एका माणसाला वर्षभर पुरेल एवढा तांदूळ. कागदावर पावणेसहा लाख माणसांचं अन्न ज्याच्या नावावर, त्याने बेटावर कसे दिवस काढले असतील, हे डोक्यातून जाईना. शेवटी ठरवलं की किल्ल्यापासून बेटापर्यंत जायचं, एकटीने आणि शक्यतो स्वस्तात. या मार्गाबद्दल मराठीत काही सापडलं नाही, म्हणून लिहून ठेवते आहे.

पहिला टप्पा अर्थातच कागदपत्रांचा. जपानचा एक वेळच्या प्रवेशाचा पर्यटक व्हिसा मिळाल्यापासून तीन महिन्यांत वापरावा लागतो, त्यामुळे फार आधी अर्ज करण्यात अर्थ नाही. मला एप्रिलमध्ये जायचं होतं, अर्ज फेब्रुवारीच्या अखेरीस दिला. बँकेचं सहा महिन्यांचं स्टेटमेंट, आयकराचे कागद, विमानाचं आणि राहण्याचं बुकिंग, का जाताय याचं पत्र हे सगळं सरळ आहे. वेळ खातो तो दिवसवार कार्यक्रमाचा तक्ता. तारीख, कुठे जाणार, रात्री कुठे राहणार, तिथला फोन. माझ्या एका रात्रीच्या रकान्यात हॉटेलच नव्हतं, कारण ती रात्र समुद्रात जाणार होती. तिथे मी बोटीचं नाव, सुटण्याची वेळ आणि पोहोचण्याची वेळ लिहिली आणि बुकिंगची प्रत जोडली. काउंटरवरच्या मुलीने तक्ता दोनदा वाचला. “मॅडम, हाचिजोजिमा कुठे आलं?” मी म्हटलं, टोकियोत. खरंच आहे ते. टोकियोच्या दक्षिणेला २८७ किलोमीटरवर असूनही बेट टोकियो महानगराच्याच हद्दीत मोडतं, तिथल्या गाड्यांच्या पाट्याही टोकियोतल्या शिनागावाच्या. तिने काही न बोलता शिक्का मारला. फी आणि सेवाशुल्क मिळून दीड हजार रुपयांच्या आत काम झालं आणि साधारण आठवड्याभरात पासपोर्ट हातात आला.

बेटावर बस तुरळक आहेत असं वाचल्यामुळे आरटीओतून आंतरराष्ट्रीय वाहन परवानाही काढला. ऑनलाइन अर्ज, हजार रुपये फी, पासपोर्ट, व्हिसा आणि तिकिटाच्या प्रती. व्हिसा आल्याशिवाय हे होत नाही, म्हणून क्रम लक्षात ठेवा. आपल्याकडे मिळणारा हा आंतरराष्ट्रीय परवाना जपानमध्ये चालतो.

रेल्वेच्या देशव्यापी पासचं आधी मनावर घेऊ नका. ऑक्टोबर २०२३ पासून सात दिवसांचा पास पन्नास हजार येनला झाला आहे आणि या मार्गावर तो वसूल होत नाही. मी ओसाकाला उतरून टोकियोहून परतले. ओकायामापर्यंत कान्साई वाइड पास (पाच दिवस, तेव्हा बारा हजार येन) आणि पुढे सुटी तिकिटं.

ओकायामाला पोहोचले तेव्हा चेरीचा बहर ओसरत आला होता. किल्ल्याचं तिकीट चारशे येन. आधीच सांगते, मनोऱ्यात शिरल्यावर थोडा हिरमोड होतो. मूळ मनोरा २९ जून १९४५ च्या बॉम्बहल्ल्यात जळला. आज दिसतो तो १९६६ चा काँक्रीटचा आहे आणि आत लिफ्ट आहे. पण खाली तटाकडे या. हिदेइएच्या काळातले ओबडधोबड दगड अजून तसेच आहेत आणि आवारात एके ठिकाणी जमिनीखाली गाडला गेलेला जुना तट उघडा करून ठेवला आहे. मनोऱ्याची जोती चौकोनीसुद्धा नाही, टेकडीच्या आकाराबरहुकूम वेडीवाकडी पंचकोनी आहे. आसाही नदीचा प्रवाह वळवून खंदकासारखा किल्ल्याभोवती आणला तोही त्याच सुमारास. किल्ला पुरा झाला १५९७ मध्ये, तेव्हा हिदेइए पंचविशीत होता.

एवढ्या कमी वयात एवढं कसं, हे समजायला त्याच्या बापाकडे जावं लागतं. उकिता नाओइए हा सोळाव्या शतकातल्या जपानी सरदारांच्या यादवीतलं पुरेपूर पिकलेलं फळ. सोयरीक करायची आणि मग सोयऱ्याचाच काटा काढायचा, ही त्याची रीत. १५६६ मध्ये त्याने मिमुरा इएचिका या शत्रू सरदाराला बंदुकीची गोळी घालून मारवलं. बंदूक जपानात येऊन तेव्हा पुरती पंचवीस वर्षंही झाली नव्हती. नाओइए आजारपणात गेला तेव्हा पोर दहाच्या आतबाहेर. अशा पोरक्या वारसाचं त्या काळात एरवी काय व्हायचं ते सांगायला नको. पण नाओइए मरण्याआधी ओदा नोबुनागाच्या बाजूला आला होता, आणि नोबुनागाचा सेनापती हिदेयोशी, जो पुढे जपानचा सर्वेसर्वा झाला, त्याने पोराला पंखाखाली घेतलं. स्वतःच्या नावातलं ‘हिदे’ त्याला दिलं. पुढे माएदा तोशिइए या बड्या सरदाराची मुलगी गो, जिला हिदेयोशीने दत्तक घेतलं होतं, तिच्याशी लग्न लावून दिलं. म्हणजे हिदेइएचं सगळं आयुष्य एका माणसाच्या मर्जीवर उभं होतं. ती मर्जी असेपर्यंत त्याला काही कमी पडलं नाही.

ओकायामाहून लोकल गाडीने वीसेक मिनिटांवर बिच्चू-ताकामात्सु आहे. तिथे १५८२ मध्ये हिदेयोशीने बांध घालून नदीचं पाणी किल्ल्यात सोडलं. वेढा घालणाऱ्यांत उकितांची फौज होती. वेढा चालू असतानाच क्योतोत नोबुनागा मारला गेल्याची बातमी आली, ती दडवून ठेवून हिदेयोशीने घाईने तह केला आणि किल्लेदार शिमिझु मुनेहारूने ठरल्याप्रमाणे नावेत बसून सगळ्यांसमोर पोट चिरून घेतलं. आज तिथे कमळांचं तळं, एक लहान संग्रहालय आणि बांधाचा उरलेला तुकडा आहे. अर्धा दिवस पुरतो. दुकानं जवळजवळ नाहीत, खाणं बरोबर ठेवा.

वाटेत क्योतोला उतरले ते एकाच कारणासाठी. राष्ट्रीय संग्रहालयाच्या शेजारी हिदेयोशीचं देऊळ आहे आणि त्याच्या समोरच्या रस्त्यावर गवताने झाकलेला एक उंचवटा. त्यात कोरियन आणि चिनी माणसांची हजारो कापलेली नाकं पुरलेली आहेत. १५९२ च्या कोरियावरच्या स्वारीत हिदेइए जपानी फौजांचा सरसेनापती होता, वय वीस. १५९७ च्या दुसऱ्या स्वारीतही तो होता, आणि नामवोनचा वेढा त्याच्याच हाताखालच्या फौजेने घातला. डोकी वाहून नेणं अवघड, म्हणून पराक्रमाचा पुरावा म्हणून नाकं मिठात घालून पाठवली जायची. बेटावरच्या म्हाताऱ्या कैद्याबद्दल वाचताना माझं मन फार लवकर विरघळत होतं, म्हणून मी हा थांबा मुद्दाम घेतला. तिकीट नाही, पहारेकरी नाही, समोर लहान मुलांचं खेळायचं मैदान आहे. मी गेले तेव्हा दुसरं कोणी नव्हतं.

हिदेइए हरला ती लढाई झाली सेकिगाहारात. तिथे जायला माइबारात गाडी बदलायची. पास तिथे संपतो, पुढचं तिकीट वेगळं. स्टेशन छोटं आहे आणि बाहेर पर्यटन केंद्रात सायकली भाड्याने मिळतात. २०२० मध्ये उघडलेलं स्मारक संग्रहालय चांगलं आहे, तिकीट पाचशे येन, पण चित्रपटासारखा लढाईचा देखावा वेळ ठरवूनच बघता येतो, तेव्हा आदल्या दिवशी वेबसाइटवरून जागा धरा. आधी वरच्या मजल्यावरच्या काचेच्या गच्चीत जा. खोरं किती चिंचोळं आहे ते तिथून दिसतं. आपल्या मनात लाखभर माणसांची लढाई म्हटली की पानिपतासारखं मोकळं मैदान येतं. इथे चारही बाजूंनी डोंगर अंगावर येतात, मधून महामार्ग आणि रूळ जातात.

हिदेयोशी १५९८ मध्ये गेला. मागे राहिलेल्या लहान मुलाच्या नावाने कारभार पाहायला पाच बडे सरदार नेमले होते, त्यांत हिदेइए वयाने सगळ्यांत लहान आणि तोकुगावा इएयासु सगळ्यांत भारी. त्यातच हिदेइएच्या घरात फाटलं. बापाच्या वेळचे मुरब्बी सरदार आणि नवे कारभारी यांच्यात भांडण इतकं पेटलं की काही जुने घराणेदार त्याला सोडून गेले, आणि त्यांतले काही सेकिगाहाराला इएयासुच्या बाजूने उभे राहिले. मला हे लढाईपेक्षा महत्त्वाचं वाटतं. पंचविशीत किल्ला बांधणारा मुलगा, पण हाताखालच्या पिकल्या केसांच्या माणसांना तो धरून ठेवू शकला नाही.

त्याच्या छावणीची जागा तेनमान टेकडीच्या पायथ्याला आहे. झाडीत एक लहानसं देऊळ, त्याच्या निशाणाची पताका, एक दगड. स्टेशनपासून चालत अर्ध्या तासापेक्षा थोडं जास्त. इएयासुविरुद्ध उभ्या राहिलेल्या पश्चिमेकडच्या फौजेतली सगळ्यांत मोठी तुकडी हिदेइएची, सुमारे सतरा हजार. २१ ऑक्टोबर १६०० च्या सकाळी धुकं निवळल्यावर त्याची गाठ इएयासुच्या बाजूच्या फुकुशिमा मासानोरीशी पडली, आणि परंपरेने सांगतात त्याप्रमाणे दुपारपर्यंत कोणी हटलं नाही. मग दक्षिणेच्या मात्सुओ डोंगरावर पंधरा हजार माणसं घेऊन स्वस्थ बसलेला कोबायाकावा हिदेआकी फितूर झाला आणि डोंगर उतरून स्वतःच्याच पक्षावर तुटून पडला. हिदेइए चिडून त्याला मारायला निघाला होता, त्याला सरदारांनी अडवून पळायला लावलं, असं सांगतात. मात्सुओ डोंगरही चढून बघा, चढ पाऊण तासाचा आहे. वरून दोन्ही फौजा पाटावर मांडल्यासारख्या दिसत असणार. हिदेआकीने शेवटपर्यंत वाट का पाहिली याची कारणमीमांसा पुस्तकांत भरपूर आहे. वर उभं राहिलं की त्यातली बरीचशी अनावश्यक वाटते.

त्याला बक्षीस काय मिळालं? ओकायामा. हिदेइएचा नवाकोरा किल्ला. दोन वर्षांत तो वारला, एकविसाव्या वर्षी, निपुत्रिक.

हिदेइए इबुकीच्या डोंगरात लपला, तिथून कसाबसा निसटून थेट दक्षिण टोकाला सात्सुमात शिमाझु घराण्याच्या आश्रयाला पोहोचला. १६०३ मध्ये इएयासु शोगुन, म्हणजे देशाचा लष्करी सत्ताधीश झाला, त्याच वर्षी शिमाझुंनी त्याला हवाली केलं, पण त्याचा जीव वाचावा म्हणून रदबदलीही केली. सासरच्या माएदांनीही शब्द टाकला. मरणाची शिक्षा टळली. काही काळ कुनोझान इथे नजरकैदेत ठेवून १६०६ मध्ये त्याची रवानगी हाचिजोला झाली. दोन मुलगे, एक वैद्य, नोकरचाकर, धरून एकूण तेरा माणसं. गो त्यांत नव्हती.

आता बोटीचं. हाच भाग सगळ्यांत धाकधुकीचा आहे. हानेदाहून विमान तासाभरात पोहोचवतं, पण मला समुद्रानेच जायचं होतं. ताचिबाना-मारू रात्री साडेदहाला ताकेशिबा धक्क्यावरून सुटते आणि सकाळी नऊच्या सुमारास हाचिजोला लागते. धक्का हामामात्सुचो स्टेशनवरून चालत दहा मिनिटांच्या आत. सगळ्यांत स्वस्त वर्गात गालिच्यावर अंथरुणाएवढी जागा मिळते, भाडं दहा हजार येनच्या आसपास, ब्लँकेट वेगळं. बुकिंग साधारण दोन महिने आधी खुलं होतं. चढण्याआधी तिकिटाच्या तुकड्यावर नाव, वय, पत्ता आणि फोन भरावा लागतो. पेन जवळ ठेवा, टेबलापाशी रांग असते.

मी पोहोचले त्या संध्याकाळी पाटीवर बोट रद्द. नैऋत्येचा वारा. काउंटरवर पैसे परत मिळाले, दुसऱ्या रात्रीची जागाही मिळाली, पण त्या रात्रीचं हॉटेल ऐनवेळी शोधावं लागलं आणि ते महाग पडलं. बेटावरच्या घरगुती निवासाला फोन केला. मालकीणबाई म्हणाल्या, “एक दिवस उशीर म्हणजे काहीच नाही हो. उद्याची बोट सशर्त असली तर सकाळी बंदर बघून ठेवते.” एप्रिलमध्ये जाणार असाल तर मागेपुढे एकेक दिवस मोकळा ठेवाच, आणि परतीचं आंतरराष्ट्रीय विमान बेटावरून निघण्याच्या दुसऱ्या दिवसाचं कधीच घेऊ नका.

दुसऱ्या रात्री बोट सशर्तच सुटली. म्हणजे जाते, पण लाटा मोठ्या असल्या तर बंदराला न लागता परत फिरते. इंद्रधनुष्य पुलाखालून बाहेर पडेपर्यंत सगळे डेकवर होते, नंतर जो तो आडवा. पहाटे वाटेतल्या मियाके बेटाला बोट लागली. पुढच्या मिकुरा बेटाला लागलीच नाही, तिथे उतरणारी माणसं शांतपणे पुन्हा ब्लँकेटात शिरली. मिकुराच्या पुढे कुरोशिओ प्रवाह आडवा येतो आणि तिथे बोट वेगळीच डोलू लागते. पूर्वी कैद्यांची गलबतं मियाकेला थांबून अनुकूल वाऱ्याची वाट पाहत, कधी कधी महिनोन्महिने. मला एका रात्रीचा खोळंबा झाला होता आणि मी वैतागले होते. मळमळीची गोळी चढण्याआधी घ्या, मिकुरा आल्यावर घेऊन उपयोग नसतो.

बेटावर दोन बंदरं आहेत, सोकोदो आणि याएने, आणि कुठे लागणार ते वाऱ्यावर ठरतं. गावातल्या कर्ण्यावरून त्याची घोषणा होते. मालकीणबाई बरोबर त्याच बंदरावर हजर होत्या. परवाना काढला होता खरा, पण ओकागो भागात हिंडायला तो लागला नाही. बस आणि गरम पाण्याचे झरे मिळून दोन दिवसांचा पास मी घेतला तेव्हा हजार येनला होता, उरलेलं पायी.

ओकागोत गोल गुळगुळीत दगडांच्या भिंती आहेत, समुद्रकाठचे धोंडे वर आणून रचलेल्या. एका धोंड्याला एक भाताचा गोळा या दराने कैद्यांनी ते वाहिले, असं बेटावर सांगतात. भाताची किंमत कळावी म्हणून हे लक्षात ठेवायचं. बेटावर तांदूळ जेमतेम पिकायचा आणि वादळ झालं की उपासमार. हिदेइएला एकदा अधिकाऱ्याने जेवायला बोलावलं तेव्हा त्याने भाताचे दोन गोळे खाल्ले आणि तिसरा घरच्यांसाठी कपड्यात बांधून घेतला, ही आख्यायिका जो तो ऐकवतो. खरी असो वा नसो, पावणेसहा लाख कोकूंच्या धन्याबद्दल लोकांना हीच सांगावीशी वाटली.

त्याला तगवलं ते माएदांनी. शोगुनाच्या दरबाराची परवानगी घेऊन एक वर्षाआड तांदळाची सत्तर पोती, सोन्याची पस्तीस नाणी, कपडे आणि औषधं बेटावर पाठवली जायची. गो कानाझावाला माहेरी राहिली आणि १६३४ मध्ये तिथेच वारली. दोघांची पुन्हा गाठ पडली नाही. पण ती गेल्यावरही, पुढे हिदेइए गेल्यावरही, शोगुनांची सत्ता जाऊन मेइजी राजवट येईपर्यंत ही मदत चालू राहिली. एका लेकीच्या सासरसाठी अडीच शतकं दर खेपेला अर्ज करून परवानगी मागत राहणं हे मला सेकिगाहारातल्या कुठल्याही शौर्यापेक्षा मोठं काम वाटतं.

समाधी झाडीत आहे, साधीच. तो गेला १६५५ मध्ये, जपानी हिशोबाने चौऱ्याऐंशीव्या वर्षी. तोवर इएयासु, त्याचा मुलगा आणि नातूही जाऊन चौथा शोगुन गादीवर होता. हाचिजोला पुढे सुमारे एकोणीसशे कैदी आले, त्यांच्या यादीत पहिलं नाव त्याचं. तिथून समुद्राकडे उतरलं की नानबारा इथे लाव्ह्याचं काळं पठार आहे, त्यावर हिदेइए आणि गो शेजारी शेजारी बसलेले पुतळे, ओकायामाच्या दिशेला तोंड करून. १९९७ मध्ये किल्ल्याला चारशे वर्षं झाली तेव्हा बसवले. मला ते जरा गोडगोड वाटले. फोटोला मात्र जागा छान आहे, वारा टोपी उडवून नेतो.

खाण्याचं: आशिताबा या तिथल्या पालेभाजीची पानं भज्यांसारखी तळून देतात, शाकाहारी माणसाने निदान तेवढ्यावर तरी निभावून न्यावं, सार मात्र विचारून घ्या, बहुतेक माशाचं असतं. कुसाया हा सुका मासा भाजायला लागला की कोकणात बोंबील वाळत घातलेल्या अंगणाची आठवण येते, फक्त चौपट. मी खाल्ला. मालकीणबाईंनी खिडक्या आधीच उघडून ठेवल्या होत्या.

परतीची बोट सकाळी पावणेदहाच्या सुमारास सुटून रात्री टोकियोला पोहोचली. दुसऱ्या दिवशी इताबाशीला गेले. १८६९ मध्ये उकितांच्या वंशजांना माफी मिळाली आणि वर्षभराने ते मुख्य भूमीवर आले, तेव्हा त्यांना जमीन मिळाली ती इताबाशीतल्या माएदांच्या जुन्या मालमत्तेतली. पुन्हा माएदाच. तिथल्या तोकोजी देवळात हिदेइएच्या नावाचा स्मृतिस्तंभ आहे. देऊळ वस्तीत आहे, बघायला फुकट. त्या वंशजांतली काही घरं नंतर बेटावर परत गेली. पिढ्यान्पिढ्या तिथे काढल्यावर टोकियोत काय करणार होते?

खर्च सगळा धरून, विमानासकट, एक लाख साठ हजार रुपयांच्या आसपास झाला. त्यात ऐनवेळच्या हॉटेलचे आठेक हजार आहेत, ते तुमचे वाचू शकतील. बेटावर रोख येन न्या, घरगुती निवासात कार्ड चाललं नाही. आणि निवास ठरवताना इमेल जपानीतून पाठवा, मोडकं असलं तरी. इंग्रजी इमेलला मला उत्तर आलं नव्हतं, जपानी इमेलला तासाभरात आलं, बरोबर बंदरांचा हाताने काढलेला नकाशा.